पाचव्या फासळीची पट्टी

शुक्रवारीत यासीनभाईने जोडीचे चारशे सांगितले.
मी दोनशे म्हटलं. तो म्हणाला, ताई,
नुसतं चुंबक तेवढ्याला जाईल.
खरं होतं. तीनशे दिले.
रिक्षात एक पेटी पायाशी,
दुसरी कवेत घेऊन दांडिया बाजारपर्यंत आले,
जाळीत अडकलेलं मंगळसूत्र सोडवत.

पाठीवर पांढऱ्या रंगात, गुजराती अक्षरांत :
युवक मंडळ, फतेपुरा, १९७८.
म्हणजे नऊ नऊ रात्री ओरडलेल्या या.
घसा बसलेला.

कडेचा फोम बोट लावताच विरघळला,
काकवीसारखा, काळा, चिकट.
दोन तास स्पिरिटचा बोळा फिरवला.
पेटीच्या तळाशी निघालं :
झुरळाचा पंख, हातभर सुतळी,
आणि चणियाचोळीवरचं एक भिंग,
नखाएवढं, अजून लखलखीत.
कुणाच्या घेरातून उडून आत कसं शिरलं,
विचारणार कुणाला?
खिडकीत ठेवलंय. दुपारी चारला
छतावर एक ठिपका हलतो.

हे म्हणतात, बँकेतून रिटायर झाल्यावर
बायका भजनी मंडळात जातात.
मी म्हणते, जाईन की,
आधी त्यांचा भोंगा दुरुस्त करून देते.

मेख पुढेच आहे.
कॉइल चुंबकाच्या फटीत बसते
आणि कुठेही टेकता कामा नये.
चहूकडून केसाएवढी जागा.
जरा कलली की आवाज खरवडतो,
अडकित्त्यात सुपारी धरल्यासारखा.
मधोमध धरायला पातळ पट्ट्या लागतात.
कागद फुगतो. पत्रा ओरखडे काढतो.
रावपुऱ्यातले जशुभाई म्हणाले,
बेन, जूनो एक्स-रे होय तो कापी नाखो.

माळ्यावर ह्यांचा निघाला, शहाऐंशीचा,
क्षयाची शंका होती तेव्हाचा.
निघालं काहीच नाही, पण ते आठ दिवस
मला नोटा मोजता येत नव्हत्या,
शंभराच्या गड्डीत दर वेळी नव्व्याण्णव.
खिडकीशी धरला :
पिंजरा, आत धुकं,
एका बाजूला मुठीएवढी पांढरी सावली.
मी तेव्हा बाहेरच्या बाकावर होते.
दारातून ऐकू आलं : श्वास घ्या. धरा.
धरून ठेवा.
आणि सोडा म्हणायला तो माणूस
विसरला की काय, असं वाटेपर्यंत
काहीच नाही.

पाचव्या फासळीच्या कडेने कात्री चालवली.
चार पट्ट्या, बोटभर लांब.
हे पेपरामागून म्हणाले, काय कापतेस?
म्हटलं, तुम्हाला.
बरं, म्हणाले, आणि पान उलटलं.

नवी कड चिकटवली, वर वजनाला
वाट्या पालथ्या घातल्या. रात्रभर
आमटी ताटलीतच खाल्ली.
सकाळी पट्ट्या ओढल्या, एकेक.
चौथी अडली.
अडली, मग सुटली.
घड्याळातला सेल काढून तारांना लावला :
टप्.
कागदी कोन पुढे आला. सेल काढला, मागे गेला.
पुढे. मागे.
हे चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.
कर पुन्हा, म्हणाले.
केलं.
पुन्हा.

संध्याकाळी रेडिओ जोडला.
गाणं नव्हतं लागलेलं.
एक बाई भुईमुगाचे भाव वाचत होती,
पादरा, डभोई,
आणि सावली म्हणायच्या आधी
तिने श्वास घेतला, तो
स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.
आम्ही दोघंही भाव ऐकत बसलो,
तिळापासून एरंडापर्यंत,
जसं काही आमचं शेत आहे.

दुसरी पेटी अजून पालथी आहे.
आज हे स्वतःच स्टुलावर चढले,
माळ्यावर बराच वेळ खुडबुड केली, मग
धूळ झटकत विचारलं,
गुडघ्याचा आहे एक,
चालेल का?